पराठ्याची फॉइल आणि मंजूषाचं जोडवं

मी आर्नहेम या डच शहरातल्या एका सायकलींच्या शेडमधून बोलतोय. मी मेटल डिटेक्टर. लांब दांडा, खाली ताटाएवढी गोल थाळी, वर छोटा पडदा. शेजारी एक भरलेली बादली आहे, तिची गोष्ट पुढे येईलच. माझ्यात फार अक्कल आहे असा माझ्या मालकाचा समज आहे. स्वतःची वापरायचा कंटाळा आला की माणसं अशीच दुसऱ्याची विकत आणतात.

मालक म्हणजे अंबरीश. मूळचा पुण्याचा, इथे एका वीज कंपनीत सॉफ्टवेअर करतो. त्याची बायको मंजूषा. तिच्या पायातलं एक जोडवं सैल झालं होतं. जोडव्याची टोकं मोकळी असतात. पकडीने जरा दाबली की ते बोटावर घट्ट बसतं. "अंबरीश, एवढं दाबून दे ना," असं ती हिवाळाभर म्हणत होती आणि तो "वीकेंडला करतो गं" म्हणत होता. मग जूनमध्ये मराठी मंडळाची तळ्याकाठी सहल झाली. मंजूषा वाळूत अनवाणी लगोरी खेळली आणि घरी येऊन पाहते तो एका पायाचं बोट रिकामं. हे सगळं मला त्यांच्या भांडणांतून कळलं.

ती जोडवी तिच्या आईने स्वतःचे पैंजण मोडून घडवली होती, आणि आई पुढच्याच महिन्यात इकडे यायची होती. "आईची नजर आधी पायांकडे जाते. काय सांगू तिला?" म्हणून मंजूषा रडली. अंबरीशने लॅपटॉप उघडला आणि मला मागवलं.

आता माझं काम सांगतो, कारण ते नीट कुणी ऐकूनच घेत नाही. माझी थाळी जमिनीला हाक देते. खाली धातू असला की त्याच्यात क्षणभर वीज फिरते आणि तो ओ देतो. खिळा घोगरा बोलतो. फॉइल आणि कॅनची किल्ली बारीक कुरकुरतात. चांदीचं नाणं खणखणीत वाजतं. पण वस्तूचं नाव मला कळत नाही. वीज किती सहज फिरली तेवढा आकडा मी पडद्यावर दाखवतो, पुढचा सगळा अंदाज माणसाचा.

अंबरीशने व्हिडिओ पाहिले, गेमेंटेकडे, म्हणजे इथल्या नगरपालिकेकडे, फोन करून परवानगीची चौकशी केली, हातमोजे आणि टोपीही घेतली. पकड तेवढी अजून पेटीतच होती. तळ्यावर पोचलो आणि पहिल्या पावलापासून मी ओरडत सुटलो. जिथे तिथे फॉइल! मंडळाने पराठे, ठेपले, वड्या सगळं फॉइलमध्ये गुंडाळून आणलं होतं आणि चुरगळलेले गोळे वाळूतच तुडवले होते. निसर्ग जपण्यावर अध्यक्षांचं भाषणही तिथेच झालं होतं म्हणे.

दोन-तीन गोळे उकरून अंबरीश वैतागला. "हा सगळा नॉइज आहे. चांदी ऐंशीच्या वर येते. खालचं म्यूट करतो." त्याने बटण दाबलं आणि माझं तोंड बंद केलं. नंतरचे सगळे रविवार तो मुक्या मशीनला वाळूत फिरवून रिकाम्या हाताने घरी येत राहिला. इकडे आईचं विमानाचं तिकीटही निघालं.

शेवटी एका संध्याकाळी मंजूषाने दुसऱ्या पायातलं जोडवं काढून बागेतल्या गवतावर ठेवलं. "याच्यावरून फिरव."

"कशाला? चार्टमध्ये क्लिअर लिहिलंय."

"फिरव म्हणते ना."

मी गप्प.

"आता ते म्यूट केलेलं चालू कर."

मी कुरकुरलो. आकडा बारा, अगदी फॉइलचा. चांदीची बंद अंगठी ऐंशीच्या वर जाते, कारण तिच्यात वीज गोल फिरते. जोडव्याची टोकं मोकळी, तिथे बिचारी वीज अडते. ज्याने ती टोकं दाबायची होती, त्यालाच ती आठवली नाहीत.

"एज केस आहे हा, अगदीच अपवाद," अंबरीश म्हणाला. मला हसता येत नाही याचं तेव्हा फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी तळ्यावर मंजूषाने मला हातात घेतलं आणि खुरपं अंबरीशला दिलं. मी कुरकुरलो की तो खणायचा आणि निघालेली फॉइल बादलीत टाकायचा. बादली भरत आली तेव्हा एका गोळ्याखाली काळवंडलेलं जोडवं निघालं. ज्या झाडापासून अंबरीश दर वेळी सुरुवात करायचा, त्याच्याच बुंध्याशी. मंजूषा जोडवं मुठीत धरून वाळूतच बसली आणि रडली. तेवढ्यापुरता मला कुणाचाही राग आला नाही. अंबरीशने खिशातून पकड काढली. "दे, दाबून देतो."

"नको. पकड दे इकडे."

आता आई आल्या आहेत. शेडचं दार उघडं आहे, बाहेर बागेत चहा चाललाय.

"मंजू, जोडवं छान घट्ट बसलंय गं. अंबरीशरावांनी दाबून दिलं वाटतं?"

"नाही आई, मीच."

 अंबरीश विषय बदलायला म्हणाला, "उद्या आईंना तळं दाखवायचंय ना? पराठ्यांना फॉइलचा रोल कुठेय?"

मंजूषा उठली. शेडमध्ये आली, माझ्या शेजारची बादली उचलली आणि नेऊन त्याच्या पुढ्यात ठेवली.

मला कुणाला देऊन टाका, नाहीतर इथेच गंजू द्या, माझी तक्रार नाही. फक्त उद्या पराठे डब्यात न्या.