बसप्पाला न्यायला

नागम्मा एकटीच परमुलखात निघाली होती. परमुलूख म्हणजे कुठं, तर येरमाळ्याला! आता बोला. कालपरवापर्यंत आळंद काय नि येरमाळा काय, सगळं निजामाचंच होतं. मग सरकारनं नकाशावर रेघ ओढली, नागम्माचं गाव म्हैसुरात गेलं आणि येरमाळा मुंबई राज्यात. नागम्माला त्या रेघेशी काय देणंघेणं? तिला आपला पोरगा हवा होता.

पोरगा बसप्पा विहिरी खणायला इकडं आला आणि इकडंच अडकला. तिकडं त्याचं लग्न ठरलेलं. पोरीच्या बापानं निक्षून सांगितलं होतं की अमावस्येच्या आत नवरदेव दाखवा, नाहीतर आम्ही दुसरं घर बघतो. नागम्माचा नवरा केव्हाच वारलेला, घरात दुसरं माणूस नाही. गावातल्या एकानं दिवाळीत बसप्पाला येरमाळ्याच्या बाजारात पाहिलं होतं. धोंडीबा नावाच्या शेतकऱ्याच्या विहिरीवर आहे म्हणाला होता. तेवढ्यावर बाई निघाली. मराठी म्हणाल तर देव, घर, भाकर, आला, गेला, एवढंच तिला कळत होतं.

मोटारीतून उतरताना कंडक्टर म्हणाला, "हळू मावशी, हळू!"

कानडीत हालू म्हणजे दूध. भर उन्हात हा बाबा दूध विकतोय की काय! "बेड, बेड," नागम्मा म्हणाली. म्हणजे नको, नको. कंडक्टरचं टाळकंच फिरलं.

"वेडं म्हणतीस व्हय मला? उतर खाली!"

सगळी मोटार खदखदून हसली. नागम्माही हसली. चारचौघं हसताना आपणच तोंड पाडून उभं राहायचं, ते काही बरं दिसत नाही.

धोंडीबाचं नाव घेत, विचारत विचारत ती वस्तीवर पोचली. दारात त्याची बायको द्वारकाबाई शेंगा फोडत बसली होती. "बसप्पा? माझा बसप्पा?" नागम्मानं छातीवर हात ठेवून कानडीत विचारलं. द्वारकाबाईच्या हातातली शेंग गळाली.

"न्हाय वो आक्का," ती कशीबशी म्हणाली. "न्हाय."

कानडीत नायी म्हणजे कुत्रं. बाईनं वेळेवर सावध केलं म्हणून नागम्माला बरं वाटलं. तिनं चटकन दगड उचलला आणि कुत्रं कुठं दिसतंय का बघू लागली. द्वारकाबाई घाबरली, ओरडतच तिनं नवऱ्याला बोलावलं.

धोंडीबा आला आणि बघतच राहिला. बसप्पाचेच डोळे, तेच नाक. आई आहे हे सांगायला लागलं नाही. होळीच्या सुमारास विहिरीची दरड ढासळून पोरगा खाली सापडला होता. आळंदकडचा, एवढंच ठाऊक. सांगावा धाडायचा कुणाकडं? आज ती माउली आपल्या पायांनी दारात उभी! धोंडीबानं हात जोडले, मग वर केले.

"माय, तुमचा बसप्पा देवाघरी गेला."

देव कळला, घर कळलं, गेला कळलं. हाताच्या दिशेला येडाईचा डोंगर आणि वर देऊळ. नागम्मा हसली की हो! लग्नाआधी देवीला गेलाय, शहाणा झाला ग माझा लेक. तिनं दगड टाकला, द्वारकाबाईच्या गालावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली आणि तडक डोंगराची वाट धरली.

"अगं, तिला कळलंच न्हाय!" म्हणत धोंडीबा मागं पळाला. बाई चालायला वाऱ्यासारखी, आणि हा दम्याचा माणूस. पायऱ्यांपाशी त्याची छाती भरली. वर जाणाऱ्या बाईला तो खालूनच ओरडला, "मेला, माय! बसप्पा मेला!"

मेले म्हणजे कानडीत वर. बसप्पा वर आहे, हे एवढ्या लांबून सांगायला आला बिचारा. नागम्मानं त्याला हात हलवला आणि दुप्पट जोरानं चढू लागली.

वर तिनं एकेक तरणा पोरगा निरखला. ओसरीत एकजण तोंडावर उपरणं घेऊन झोपला होता, त्याचंही उपरणं ओढलं. तो शिव्या देत उठला. बायाबापड्या हसल्या. पण नागम्माला आता हसू येईना.

धोंडीबा धापा टाकत पोचला. त्यानं डोळे मिटून मान टाकली. नागम्माला वाटलं, पोरगा कुठंतरी झोपलाय. त्यानं दरड पडल्याचा आवाज केला; पोरं टाळ्या पिटायला लागली. धोंडीबाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शेवटी तो फरशीवर मांडी घालून ताठ बसला. उजवा तळहात पुढं धरला, गळ्यातला ताईत त्यावर ठेवला, एकटक बघत राहिला. आणि डाव्या हातानं, नसलेली माती मुठीमुठीनं आपल्या अंगावर लोटू लागला. आधी मांडीवर, मग छातीवर, मग डोक्यावर.

लिंगायताला मूठमाती देतात ती अशीच, बसवून, हातावर त्याच्या गळ्यातलं लिंग ठेवून. ते कळायला कुठली भाषा लागते? नागम्मा त्याच्यासमोर खाली बसली.

बऱ्याच वेळानं ती पुढं सरकली. धोंडीबाच्या उजव्या हातावरचा ताईत तिनं उचलला, त्याचा डावा हात ओढून त्यावर ठेवला आणि त्याच्या तोंडाकडं बघत राहिली. लिंग डाव्या हातावर असतं. नसलं, तर लेकराचं पुढं काय व्हायचं?

धोंडीबाला तो दिवस आठवला. वस्तीवर एकही लिंगायत घर नव्हतं, उन्हाळ्याचं मढं ठेवता येईना. देवाची वस्तू डाव्या हातात कशी द्यायची म्हणून, चांगलं धुऊन, पुसून, त्यानं स्वतःच ती बसप्पाच्या उजव्या हातावर ठेवली होती.

डाव्याच हातावर होतं, अशी त्यानं होकारार्थी मान हलवली. हलवतच राहिला, पण मान काही वर करता येईना. नागम्मानं त्याच्या हनुवटीला हात लावून तोंड वर केलं, एकवार त्याच्या डोळ्यांत बघितलं आणि हात काढून घेतला. तिनं पुन्हा विचारलं नाही.