ताईला वर नेण्याचा बेत

माझा नवरा लिफ्ट दुरुस्त करतो. बंद पडलेल्या लिफ्टपाशी लिफ्टने जाता येत नाही, त्यामुळे गेली कित्येक वर्षं तो हत्यारांची पिशवी खांद्याला लावून लोकांच्या इमारतींचे जिने चढतोय. त्यात पाय मुळातच लांब. वर्कशॉपमध्ये त्याला सगळे 'शिडी' म्हणतात आणि हा त्याला बहुमान समजतो. मीही त्याच वर्कशॉपमध्ये, तक्रारीच्या फोनवर. लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसाने आतलं बटण दाबलं की माझ्या टेबलावरचा फोन वाजतो आणि मी माझा खास आवाज काढते. "घाबरू नका. लांब श्वास घ्या. माणूस निघालाय, पाचच मिनिटं." माणूस म्हणजे बहुतेक वेळा शिडी, आणि तो समोरच्या स्टुलावर बसून चहात बिस्कीट बुडवत असतो. पण अडकलेल्याला खरं सांगून चालत नाही. तो दार लाथाडायला लागतो आणि मग ते दारही आम्हालाच दुरुस्त करावं लागतं.

तर या शिडीला डोंगर चढायचा नाद आहे. सुट्टी आली की हा चालला. त्याच्याकडे डोंगराचे वेगळे मोजे आहेत, जे घरातल्या इतर मोज्यांबरोबर धुवायचे नसतात. डोंगरावर जाण्याचे सगळे नियम त्याला तोंडपाठ आहेत आणि समोरच्याने विचारले नसले तरी तो ते सांगतो. मी त्याच्याबरोबर दोनचारदा गेले आणि त्याची फक्त पाठ बघून परत आले.

पण या वेळी गरज माझी होती. माझी थोरली बहीण आणि भाऊजी मिळून पुस्तकबांधणीचं दुकान चालवायचे. खाली दुकान, वर घर. गेल्या वर्षी भाऊजी गेले आणि ताई वरच्या खोलीतून खाली उतरेनाशी झाली. दुकानाला कुलूप, खिडकीला पडदा, पडद्याशी खुर्ची आणि खुर्चीत ताई. मी रोज कामावरून सुटले की परस्पर तिच्याकडे जायचे. पडदा उघड, केस धू, जरा खाली चल, बघ तरी किती छान ऊन पडलंय. ताई "हं" म्हणायची, कधीमधी ऐकायचीही, आणि पुन्हा तशीच बसून राहायची. शेवटी एकदा आमच्याबरोबर डोंगरावर चल म्हणून मी तिचं इतकं डोकं खाल्लं, की ती म्हणाली, "बरं बाई, एकदा येते. पण मला नाही झेपलं, तर पुन्हा काही म्हणून म्हणायचं नाहीस. पडदा उघड असंसुद्धा नाही. कबूल?"

"कबूल," मी म्हटलं. फोनवरची सवय, माणसाला आधी हो म्हणून मोकळं व्हायचं. घरी पोचेपर्यंत मला कळलं होतं, की मी भलतंच कबूल करून बसलेय. ताई शब्दाची पक्की आहे. हा एक दिवस फसला असता तर ती त्या खुर्चीत कायमची बसली असती आणि मला तोंड उघडायची सोय राहिली नसती.

म्हणून आदल्या दिवशी मी शिडीला समोर बसवून बजावलं. "उद्या ताईच्या चालीने चालायचं."

"अगं, हा तर पहिला नियम आहे," तो म्हणाला. "सगळ्यात हळू चालणाऱ्याच्या चालीने सगळ्यांनी चालायचं. त्याला कधी एकटं सोडायचं नाही. तू मला शिकवतेस?"

त्याने निवडलेला डोंगर खरंच सोपा होता. रुंद वाट, बेताचा चढ, माथ्यावर एक दगडी मनोरा. ताईने भाऊजींचा जुना कोट घातला होता. तो तिला गुडघ्यापर्यंत येत होता. सुरुवातीला शिडी आमच्या बरोबरीने चालला. म्हणजे एक पाऊल टाकायचा, थांबायचा, हवेकडे बघायचा, मग दुसरं टाकायचा. इतक्या हळू चालताना त्याला होणाऱ्या यातना त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसत होत्या. ताई अधूनमधून कंबरेवर हात ठेवून उभी राहायची आणि हा घसा खाकरायचा.

तेवढ्यात मागून एक म्हातारं जोडपं आलं. दोघांच्या डोक्यावर एकसारख्या टोप्या, हातात एकसारख्या काठ्या. आम्हाला हसून नमस्कार करून ते टुकूटुकू पुढे निघून गेले. शिडीच्या कानाची पाळी लाल झाली. तरी तो सावरला. मग पाठीवर बाळ बांधलेली एक बाई आली आणि तीही पुढे गेली. बाळाने वळून शिडीकडे पाहिलं आणि ते हसलं. मला तेव्हाच कळलं, की आता काही खरं नाही.

"पुढची वाट कशी आहे ते जरा बघून येतो," शिडी म्हणाला.

त्या वाटेवरून ट्रक गेला असता. पण मी हो किंवा नाही म्हणायच्या आत त्याची पाठ दिसायला लागली होती.

पहिल्या वळणावर तो आम्हाला सापडला. एका मोठ्या दगडावर ऐसपैस बसून, पाणी पिऊन, संत्रं सोलून खात होता. आम्ही धापा टाकत तिथे पोचलो आणि तो ताडकन उठला. "आलात? छान! चला!" आणि निघालासुद्धा. पुढच्या वळणावर तेच. त्याच्या पुढच्याही वळणावर तेच. आमच्या तिघांच्या वाटणीची विश्रांती तो एकटाच घेत होता.

शेवटी ताईने विचारलं, "शिडीराव, तुम्ही आमची वाट बघत असता, की उठून पळायची?"

"तसं नाही ताई. बसलं की पाय आखडतात. मग चढणं जड जातं."

"मग तुम्ही का बसला होतात?"

मी त्याला बाजूला ओढलं आणि दबक्या आवाजात चांगला फैलावर घेतला. तर मला म्हणतो, "हळू चाललं की माझे गुडघे दुखतात."

"गुडघे नाही, नाक दुखतंय तुझं. त्या टोप्या पुढे गेल्या ना, म्हणून."

"टोप्यांचा काही संबंध नाही," तो म्हणाला, आणि मान उंच करून टोप्या कुठवर पोचल्या ते पाहिलं. "मी असं करतो, पुढे जाऊन बसायला जागा धरतो." रिकाम्या डोंगरावर जागा धरायला निघालेला हा पहिलाच माणूस असेल. जाताना त्याने खाण्याची पिशवीही माझ्या गळ्यात मारली. तिच्या वजनाने म्हणे चाल बिघडते.

त्यानंतर बराच वेळ आम्ही दोघीच चाललो. मी दोघींचं मिळून बोलत होते. ते झाड बघ, ती पायवाट बघ, अर्ध्याहून जास्त आलो की गं, तुझी चाल किती सुधारली. मनोरा दिसायला लागला आणि मला हायसं वाटलं. आणि नेमकी तिथेच ताई वाटेकडेच्या एका सपाट दगडावर बसली.

"झालं माझं," ती म्हणाली.

माझं धाबंच दणाणलं. मला समोर ती खुर्ची दिसायला लागली, तो पडदा दिसायला लागला. आणि अशा वेळी माझ्या तोंडून जे निघतं तेच निघालं. "घाबरू नकोस. लांब श्वास घे. आलंच आता. पाचच मिनिटं."

ताईने मान वळवून माझ्याकडे बघितलं. "हा कुठला आवाज?"

"कुठला म्हणजे? माझाच."

"हा तुझा फोनवरचा आवाज आहे. वर्षभर ऐकतेय मी." तिचा चेहरा लाल झाला होता. "मी काय लिफ्टमध्ये अडकलेय? आणि त्या बिचाऱ्या शिडीरावांना तू मघाशी काय झापत होतीस? ते निदान वळणावर थांबतात तरी. तू मला कधी दम खाऊ दिलास? मी पडदा उघडला, तू म्हणालीस केस धू. केस धुतले, तर म्हणालीस दुकान उघड. मी कुठे पोचले रे पोचले की तू पुढे चालायला लागलेली असतेस. यांचे कपडे देऊन टाकू या म्हणालीस, तेव्हा यांच्या उशीला अजून यांच्या तेलाचा वास येत होता!"

मला आधी रागच आला. सांगायला काय जातं? रोज दमूनभागून कोण येत होतं? डबे कोण आणत होतं? मी म्हटलंसुद्धा, "मग मी काय करायला हवं होतं?"

"बसायचं होतंस," ताई म्हणाली.

एवढंच. तिच्या त्या खोलीत दुसरी खुर्ची होती आणि वर्षभरात मी तिच्यावर फक्त पर्स ठेवली होती. मला फार वाईट वाटलं. मी तिच्या शेजारी दगडावर बसले.

गप्प बसणं मला जमत नाही. जीभ बांधून ठेवली तर हात चालायला लागतात. मी पिशवीतून उकडलेली अंडी काढली आणि एकामागून एक सोलायला लागले. ताई एकेक खात होती. एक अंडं हातात धरून ती एकदम म्हणाली, "हे असते ना, तर अजून खाली गाडीपाशी बुटाची नाडी बांधत असते."

भाऊजींची नाडी आमच्या घरात प्रसिद्ध होती. बांधणीच्या दोऱ्यासारखी ते तिची दोन्ही टोकं समोरासमोर धरून सारखी करायचे, मग गाठ, मग दोन्ही फासे मोजूनमापून तेवढेच. एक फासा जरा मोठा झाला की सगळं सोडून पुन्हा पहिल्यापासून. तोवर ताई रस्त्यावर उभी राहून शंख करत असायची.

"सगळा संसार मी 'उरका, उरका' करण्यात घालवला," ताई म्हणाली. "लग्नाला उशीर, गाडीला उशीर. स्वतःच्या लग्नालाही नाडीपायी उशिरा आले होते. ते गेले तेव्हा मला वाटलं, आता कसली आलीय घाई? जरा बसू या. तर तू हजर! उरक म्हणायला!"

ती हसत होती आणि रडतही होती, आणि त्यात तोंडात अंडं. तिला ठसका लागला. मी तिची पाठ चोळली. मग मलाही हसू आवरेना आणि रडूही. वाटेने जाणाऱ्या एका गृहस्थाने आम्हाला बघून अंग चोरून पलीकडून वाट काढली.

आम्ही डोळे पुसतोय तोच वरून शिडी आला. उन्हाने नाक भाजलेलं, केस विस्कटलेले. "कुठे होतात? मी कधीचा वर वाट बघतोय! मी पहिला पोचलो!"

"कोणाच्यात पहिला?" मी विचारलं. "ती टोप्यांची जोडी?"

तो जरा घुटमळला. "ते वर येणारच नव्हते. मधल्या फाट्यावरून वळून खाली गेले. तिकडे त्यांच्या मुलाचं घर आहे म्हणे."

"आणि बाळाची आई?"

"तीही त्याच फाट्याने उतरली. बाळाची झोपेची वेळ झाली." त्याची नजर दगडावरच्या टरफलांच्या ढिगावर गेली. "सगळी अंडी संपली?"

मी त्याच्या हातावर उरलेलं संत्रं ठेवलं. त्याने ते उभ्याउभ्याच सोलायला घेतलं. "बरं, चला आता. मनोरा इथेच आहे. आत्ता निघालो तर..."

"बस," मी म्हटलं.

माझ्या सुरात काहीतरी होतं, कारण तो बसला. ताईचे डोळे सुजलेले त्याला आता दिसले. त्याने संत्र्याची एक फोड तिच्यापुढे धरली, तिने घेतली. मग तो पाय हलवायला लागला. त्याच्या पायाबरोबर आमचा दगडही हलतोय असं वाटत होतं. पण तो उठला नाही, हे त्याच्या नावावर जमा करायला हवं.

"किती वेळ?" त्याने हळूच मला विचारलं.

"माहीत नाही," मी म्हटलं. त्याने दचकून माझ्याकडे बघितलं.

ऊन दगडावरून सरकून गवतावर गेलं. खालची गाड्यांची रांग विरळ होत गेली. मनोऱ्यापर्यंत काही आपण जात नाही, हे मला दिसत होतं. बेत फसला होता आणि ताईला दिलेला शब्द आता पाळायला हवा होता. मी मनाची तयारी केली.

"ताई, घरी जायचं का?"

ताईने वरच्या वाटेकडे बघितलं, मग खालच्या. कोटाची बटणं लावली. मला वाटलं आता उठेल. पण ती पाय लांब करून आणखी जरा मागे रेलली.

"वर नको," ती म्हणाली. "पण इतक्यात घरीही नको गं."

मग जरा पुढच्या वळणापर्यंत जाऊन येऊ या का, हे वाक्य माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. मी दात आवळून तिच्या शेजारी बसून राहिले.