हिरव्या मुठीची काठी

मी गोल्फची काठी बोलतेय, सात नंबरची. खाली लोखंडी डोकं, मध्ये पोलादी दांडा आणि वर हातात धरायची रबरी मूठ. खेळणारे तिला ग्रिप म्हणतात. कारखान्यात मला घासूनपुसून लख्ख केलं, तेव्हा सगळं कौतुक डोक्याच्याच वाट्याला आलं. मुठीकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही.

मला घेतलं शिवणकाम करणाऱ्या ताईंनी. दर रविवारी सकाळी त्या धाकट्या बहिणीबरोबर मैदानावर यायच्या. धाकटी लोकांना मोटार चालवायला शिकवायची, त्यामुळे साधं बोलणंही ओरडूनच. दोघींची चुरस अशी, की हरलेली चार दिवस फोन उचलायची नाही.

पण चाळीस वर्षं कात्री चालवून ताईंची बोटं आखडली. माझी मूठही झिजून गुळगुळीत झाली होती. एका सकाळी मी त्यांच्या हातातून सुटले आणि चेंडूच्याही पुढे जाऊन पडले. धाकटी पोट धरधरून हसली. ताई मात्र हसल्या नाहीत.

"बास. माझे हात आता खेळण्याजोगे राहिले नाहीत," म्हणाल्या.

तीन महिने मी दारामागे छत्र्यांच्या शेजारी उभी होते. शेवटी धाकटी आली, मला काखोटीला मारलं आणि ताईंना गाडीत बसवलं.

"अगं, कुठे नेतेस?"

"गप बस. गाडी मी चालवतेय."

तिने आम्हाला काठ्या दुरुस्त करणाऱ्या काकांकडे नेलं. काकांनी ताईंची बोटं उघडून, मिटवून पाहिली. "बोटं पुरती मिटत नाहीत, म्हणून बारीक मूठ आवळायला जोर लागतो. हातांना कशाला बोल लावता? मूठ बदलू या."

त्यांनी नमुन्यांचा ट्रे पुढे केला. धाकटीने गुलाबी उचलली. काकांनी दोरा विणलेली खरखरीत सुचवली. ताईंनी डोळे मिटले आणि कापड पारखावं तसा एकेकीवरून अंगठा फिरवला.

"ही निसरडी. ही बोचते. ही… थांबा, ही!"

जाडजूड, मऊ आणि भडक हिरवी.

"ताई, काकडी धरल्यासारखं दिसतंय!"

"दिसू दे. हात माझा आहे."

काकांनी जुनी मूठ चिरून काढली, दांड्यावर चिकटपट्टी गुंडाळली आणि नवी मूठ सर्रकन चढवली. तेवढा वेळ मी अगदी जीव मुठीत धरून होते!

रविवारी ताईंनी मला हलकेच धरलं. टप्प! चेंडू उंच गेला आणि थेट भोकात रोवलेल्या झेंड्याजवळ उतरला. ताई लहान मुलीसारख्या ओरडल्या. त्या दिवशी धाकटी सपशेल हरली आणि ताईंना मिठी मारून नाचली.

आता तिचा डोळा माझ्यावर आहे. "ताई, एकच फटका मारू दे ना!"

"हो बाजूला. तुझी तू बदलून आण."

तुमच्याही घरात माझी एखादी बहीण कोपऱ्यात उभी असेल, तर तिला दुरुस्तीवाल्याकडे न्या, आणि मूठ घेताना आपल्या हाताला विचारा. बरं, येते मी. ताईंनी हातमोजा चढवलाय.