अनुदानाची बैलजोडी

शाळेच्या मैदानावर मांडव घातला होता. पंचायत समितीचे विस्तार अधिकारी खुर्चीवर बसले होते. त्यांच्या शेजारी सरपंच रुपचंदनाना. त्या वर्षी, शहाऐंशी साली, धुळ्याजवळच्या या गावात बौद्धवाड्यातल्या पाच कुटुंबांना अनुदानावर बैलजोड्या मिळणार होत्या. द्रौपदाबाईचं नाव पुकारलं तशी ती पुढे गेली. साहेबांनी तिच्या हातात दोर दिला, फोटोवाल्याने फोटो काढला, टाळ्या झाल्या.

मांडवामागे गेल्यावर बैलांचा व्यापारी भाईदास हात पुढे करून उभाच होता.

"आण तो दोर."

"कसाले?"

"अगं, कापडण्याला दुपारी कार्यक्रम आहे. हीच जोडी तिथं वाटायला न्यायची. तुझ्या नवऱ्याशी बोलणं झालंय."

द्रौपदाबाईने सुपडूकडे पाहिलं. तो मान खाली घालून पायाच्या अंगठ्याने माती उकरत होता.

"नानांनी सांगं," तो पुटपुटला. "मी पैसा लई लिधात."

तिच्या डोक्यात सणक गेली. दरवर्षी पाऊस पडला की रुपचंदनानांचं रान आधी पेरून व्हायचं, मग त्यांच्या भावकीचं. सगळ्यांचं उरकलं की तिला नानांचे बैल मिळायचे. तोवर ओल उडालेली असायची. त्या उसन्या बैलांपायी ती नानांच्या कपाशीत फुकट निंदायला जायची. आणि सरकारने दिलेली जोडी त्याच नानांनी भाईदासला परस्पर विकली होती!

"हाई जोडी मनी शे," ती म्हणाली आणि दोर मनगटाला गुंडाळला.

भाईदासने दोराला हिसका दिला. मनगट सोललं, पण तिने दोर सोडला नाही. उलट बैलांना घेऊन ती सरळ मांडवात शिरली. खुर्च्या सरकल्या, माणसं बाजूला झाली.

"साहेब, ह्या बैल कोना शेतस?"

साहेबांनी नानांकडे पाहिलं.

"बाई, ते आपण नंतर बोलू."

"नंतर नही! बठ्ठा गाव देखस. आतेच तुमी मना हातमां दोर दिधा. बैल मना नहीत तर तसं माईकवर सांगा."

माईक सुरूच होता. साहेब म्हणाले, "तुमचेच आहेत, बाई."

"मंग मी चालनू घर."

नाना उठून ओरडले, "द्रौपदे, गावात राहायचंय ना तुला?"

"नाना, राहायचंच शे. म्हणून तर बैल नेस."

ती निघाली. बाकी चौघांच्या जोड्या तोवर ट्रकमध्ये चढल्या होत्या. त्यांतला झुलाल नुसता बघत राहिला.

घरी येताच ती नवऱ्यावर कडाडली, "तो पैसा आतेच जा नि दी ये!" सुपडू गेला. नानांनी नोटा त्याच्या अंगावर भिरकावल्या. त्या गोळा न करताच तो परतला. त्या दिवशी पहिल्यांदा तिला नवरा थोडा बरा वाटला.

पोलिसांत तक्रार ना नानांनी केली, ना भाईदासने. कशी करणार? बैल ठाण्यात बांधून सगळं सांगायला ती तयारच होती. पण गावाने गायरान बंद केलं. सुपडूला कामावर बोलावणं बंद झालं. द्रौपदाबाई आग्रा रोडच्या कडेचं गवत कापून बैलांना घालायची. येणारे-जाणारे ट्रक भोंगे वाजवायचे, ती मान वर करायची नाही.

पावसाळ्यात तिचं रान वेळेवर पेरलं गेलं. झुलालची बायको बेबाबाई बैल मागायला आली, तेव्हा द्रौपदाबाईने जोडी दिली, त्याबद्दल काहीही न मागता. पण झुलालशी ती बोलली नाही.

मग बाकीच्या चार जोड्यांचा जाब साहेबांना विचारायला दोघी धुळ्याला कचेरीत गेल्या. व्हरांड्यात दिवसभर बसवून ठेवल्यावर कळलं, साहेबांची बदली झाली आहे. दुसऱ्या तालुक्यात, त्याच खुर्चीवर.

"तथा भी जोड्या वाटतच व्हई," बेबाबाई म्हणाली.

द्रौपदाबाईचे डोळे लाल झाले होते. "कोठे शे तो तालुका?" तिने शिपायाला विचारलं. "एस्टी कितीले शे?"