नदीपार गेलेली थमेन

मला पाहून तुम्ही म्हणाल, हे तर एक जुनं फडकं. फडकं नाही हं, मित्रांनो. मी थमेन आहे. ब्रह्मदेशातल्या बायका कमरेला गुंडाळून नेसतात ना, ती. आता माझा रंग विटलाय, कडा विरल्यात, पण गप्प बसायचं वय काही माझं झालेलं नाही.

माझा जन्म अमरपुऱ्यातल्या एका मागावर झाला. दोन मुली शेजारी शेजारी बसून माझ्या अंगावर पाण्याच्या लाटांसारखी नक्षी विणत होत्या. विणता विणता त्या गावातल्या सगळ्या नव्या जावयांची उणीदुणी काढत. माझ्या बडबडीचं मूळ तिथंच असावं. कमरेशी काळ्या सुती कापडाचा पट्टा शिवून झाला आणि मौलमीनच्या दॉ न्युन, म्हणजे तुमच्या भाषेत न्युनबाई, मला नेसून बोहल्यावर चढल्या. काय मिरवले मी त्या दिवशी! जो तो माझ्या लाटांकडे बघत होता.

त्यांचे यजमान ऊ लात, म्हणजे लातराव, चहाचं दुकान चालवायचे. माणूस सोन्यासारखा, पण मला मात्र भयंकर भ्यायचा. आमच्याकडचे पुरुष मानतात, की बायकांच्या नेसत्या वस्त्राला हात लावला किंवा त्याच्याखालून गेलं, की अंगातलं तेज उतरतं. म्हणून मला मागच्या अंगणात खालच्या दोरीवर वाळत घालायचे. एकदा दॉ न्युन मला चुकून पुढच्या दोरीवर टाकून बाजारात गेल्या. ऊ लात माझ्याखालून कसले येतात? शेजारच्या कुंपणावरून उडी मारून ते घरात शिरले आणि त्यात त्यांची लुंगी टरकन फाटली. शेजारीण म्हणाली, "लातभाऊ, तेज वाचलं, पण लुंगी गेली की." पुढे कितीतरी दिवस दुकानात हाच विषय होता.

त्यांची एकुलती एक मुलगी यमिन. ती कॉलेजात गेली तेव्हा आईने मला तिच्या हवाली केलं. आणि त्याच सुमारास लष्कराने राज्य हातात घेतलं. मुलं रस्त्यावर उतरली. यमिन आणि तिची जिवलग मैत्रीण थिरी यांनी घराघरांतून थमेना गोळा केल्या आणि गल्लीच्या तोंडाशी दोरीवर उंच टांगल्या. मी अगदी मधोमध होते. सैनिकांची गाडी आली आणि आमच्यासमोर थबकली. बंदुका हातात असलेले ते धिप्पाड गडी आमच्याखालून यायला धजेनात. लांब बांबू आणून त्यांनी आम्हाला खाली पाडलं, तोवर मुलं पसार झाली होती. मी चिखलात पडले होते, तरी लग्नापेक्षाही तेव्हाच मला जास्त मिरवल्यासारखं वाटलं.

पण मित्रांनो, सगळीच कामं थमेनीने होत नाहीत. काही आठवड्यांनी सैनिकांनी थिरीला भर दुपारी बाजारातून उचलून नेलं. ती परत आली नाही. ते घडताना यमिनने लपून मोबाइलवर चित्रण केलं होतं. मग यमिनलाही शोधायला लागले. ती या घरातून त्या घरात, खोट्या नावाने राहू लागली. शेवटी एका सकाळी ती घरी आली आणि म्हणाली, मी सीमेपलीकडे जाते.

ऊ लात चिडले. म्हणाले, सगळेच गप्प बसलेत, तूही बस थोडी वर्षं.

"बाबा, इथे राहिले तर मी तुरुंगात तरी असेन, नाहीतर गप्प तरी. मला दोन्ही नकोय."

"आणि आम्ही?"

यमिन नुसती रडत राहिली. तेव्हा दॉ न्युन चुलीजवळून म्हणाल्या, "जाऊ दे तिला. माझं रडणं माझं मी बघीन."

तो मोबाइल तिला टाकून जायचा नव्हता. थिरीचं काय झालं हे दाखवणारं दुसरं काहीच नव्हतं. तो सापडला तर मात्र यमिनचीही गत थिरीसारखीच होणार होती. दॉ न्युन मला आदल्या दिवसभर नेसल्या, मुद्दाम धुतलं नाही, आणि माझ्या घड्यांमध्ये मोबाइल गुंडाळून मला पिशवीत अगदी वर ठेवलं. सीमेपर्यंत सोबत ऊ लात निघाले.

वाटेत नाक्यावर बस थांबली. सगळ्यांना सामानासकट उतरवलं. एका पोरसवदा सैनिकाने आमची पिशवी उघडली, मला बघितलं आणि चटका बसल्यासारखा हात मागे घेतला.

त्याचा हवालदार खेकसला, "कापड चावतं काय रे तुला?" पण तोही पुढे येईना. मग ऊ लातना म्हणाला, "ए म्हाताऱ्या, तू काढ. तुझ्याच घरातलं ना? झटक बघू."

झटकलं असतं तर संपलंच होतं. ऊ लातनी जन्मात कधी मला बोट लावलं नव्हतं. ते वाकले, मला दोन्ही हातांनी घड्यांसकट उचललं आणि सरळ स्वतःच्या डोक्यावर ठेवलं. माझं एक टोक त्यांच्या कपाळावर आलं.

"झटकतो की साहेब," ते म्हणाले. "बायकोची आहे, अजून धुतलेली नाही. एवढं टोक जरा धरता का तुम्ही?"

आणि ते हवालदाराच्या दिशेने पुढे झाले. हवालदार मागे. ते आणखी पुढे, हवालदार आणखी मागे. रांगेतली माणसं हसू दाबत होती. एका म्हातारीला ते दाबता आलं नाही.

"घेऊन जा ते," हवालदार ओरडला. "निर्लज्ज कुठला."

नदीकाठी ऊ लातनी मला लेकीच्या हातात दिलं. "पोचलीस की आधी आईला कळव," एवढंच ते म्हणाले. होडी निघाली. ते त्याच नाक्यावरून, त्याच सैनिकांच्या शिव्या ऐकत घरी परत जाणार होते, हे आम्हा दोघींनाही ठाऊक होतं.

पलीकडे, थायलंडमध्ये, यमिनने ते चित्रण अन्यायाची नोंद ठेवणाऱ्या माणसांना दिलं. ती शिवणाच्या कारखान्यात लागली, पँट घालू लागली, आणि मी झाले खिडकीचा पडदा. उन्हाने माझ्या लाटा पुसट होत गेल्या. मला राग आला का? आला थोडा. पण कामावरून आल्यावर ती आईशी बोलायची, फोन ठेवायची आणि माझ्यात तोंड खुपसून उभी राहायची. मग कसला राग धरणार?

एक दिवस तिने मला खिडकीवरून काढलं, धुतलं, विरलेला पट्टा उसवून नवा शिवला आणि मला नेसून ती संध्याकाळच्या शाळेत गेली. बाईंनी तिला नाव विचारलं. यमिनने आधी दाराकडे पाहिलं, मग खिडकीकडे. बाईंनी पुन्हा विचारलं नाही, घाई केली नाही, नुसत्या थांबल्या.

"यमिन," ती म्हणाली. मग आणखी मोठ्याने, मागच्या बाकापर्यंत जाईल असं, "माझं नाव यमिन."

मित्रांनो, जुने कपडे जपा, हे तर मी सांगणारच. पण तुमच्या वर्गात, तुमच्या गल्लीत कुणी लांबून आलेली मुलगी असेल, तिला तुम्ही नाव विचाराल आणि उत्तर यायला उशीर लागेल, तर हसू नका. थांबा. ते नाव तुमच्यापर्यंत येण्यासाठी केवढा रस्ता चालून आलेलं असतं.