खुर्च्या बदलल्यावर

माझ्या बहिणीचा मुलगा एका औषध कंपनीत मोठा साहेब आहे. कंपनीत पैसे गुंतवणाऱ्या लोकांबरोबर दर तिमाहीला बैठक होते, तिथे बोलायचं काम त्याचं. आदल्या संध्याकाळी तो आमच्याकडे येतो आणि माझ्यासमोर तालीम करतो. मी विमा कंपनीत दावे तपासायचे. दुकान जळलं की जाळलं, हे शोधण्यात माझी हयात गेली. संशय हा माझा स्वभाव, आणि पगारही त्याचाच मिळायचा. गुंतवणूकदार होऊन आडवेतिडवे प्रश्न विचारायला त्याला माझ्याहून चांगलं कोण मिळणार?

तालमीची पद्धत ठरलेली. आधी मी विचारायचं, त्याने उत्तर द्यायचं. मग खुर्च्या बदलायच्या. तो गुंतवणूकदार, मी साहेब. आपली उत्तरं दुसऱ्याच्या तोंडून ऐकली की त्यातली भोकं दिसतात, असं त्याचं म्हणणं. मलाही साहेब व्हायची हौस आहे. चष्मा नाकावर घसरवून मी जो काही तोरा मिरवते, तो बघून आमचे हे आत जाऊन हसतात.

या वेळी मात्र माझं लक्ष तोऱ्यात नव्हतं. हातांच्या कंपावरच्या ज्या नव्या गोळीबद्दल तो बोलणार होता, तीच गोळी हे उन्हाळ्यापासून घेत होते. औषध बाजारात यायच्या आधी माणसांवर चाचणी करतात, त्यात यांचं नाव भाच्यानेच सुचवलं होतं. गोळीने गुण आला, नाही म्हणत नाही. पेला दोन्ही हातांनी धरणारा माणूस आता स्वतःची दाढी स्वतः करत होता. पण हल्ली त्यांची भूक पार गेली होती, आणि डोळ्यांतला पिवळेपणा मला बरा वाटत नव्हता. दवाखान्यात दर खेपेला रक्त काढून घ्यायचे, बघतो म्हणायचे, की आम्ही आपले घरी.

म्हणून मी पहिलाच प्रश्न टाकला, की या गोळीचा कोणाला त्रास झालाय का?

"सुरक्षिततेच्या दृष्टीने गंभीर स्वरूपाची कोणतीही नवी बाब आमच्या निदर्शनास आणली गेलेली नाही," तो म्हणाला.

वाक्य कसं गुळगुळीत, हात टाकावा तिथून निसटतं. नवी नाही म्हणजे जुनी आहे का, मी विचारलं. तर म्हणे एकूण चित्र अपेक्षेला धरून आहे. अपेक्षा काय होती? तर म्हणे त्यावर आत्ताच भाष्य करणं घाईचं ठरेल. बरं, खोटं एकही बोलला नाही. दुकानाला काडी लावणारेही मला कधी धडधडीत खोटं सांगायचे नाहीत. विचारलं त्याच्या शेजारचं सांगायचे.

मग खुर्च्या बदलल्या. अवघड भाग संपला म्हणून तो सैलावला. कारखाना कधी सुरू होणार, परवानगी कधी मिळणार, असले प्रश्न त्याने विचारले आणि मी ऐटीत उत्तरं दिली. पाण्याचा घोट घेत त्याने पुढचा प्रश्न विचारला.

"यकृताला सूज आल्यामुळे ज्या अकरा जणांची गोळी बंद केली, त्यातले काही अजून दवाखान्यात आहेत, हे खरं का?"

ही गोष्ट ना कुठल्या बातमीत होती, ना त्याने आणलेल्या कागदांत. उत्तरांत त्याने जी इतकी जपून झाकली होती, ती प्रश्न विचारताना आपसूक बाहेर आली. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते उगाच नाही.

"उद्या हा प्रश्न कोण विचारणार आहे?" मी म्हणाले.

"कोणी नाही," असं बोलून गेला, आणि मग त्याच्या ध्यानात आलं.

काकांना गोळी देऊ की नको, एवढंच सांग, मी म्हटलं. तर मी डॉक्टर नाही, आकडे अजून पूर्ण नाहीत, तज्ज्ञ बघतायत, सुरूच. मी साहेबाला विचारत नाहीये, म्हटलं, मी अंगाखांद्यावर खेळवलेल्या पोराला विचारतेय.

"नको," तो म्हणाला. "आजचीही नको."

मागच्या महिन्यात तो जेवायला आला होता. हात धुतल्यावर यांनी त्याच्यासमोरच गोळी घेतली होती. तेव्हा तुला माहीत होतं का, मी विचारलं. हो, तो जमिनीकडे बघत म्हणाला. मला इतका संताप आला की हात उचलला जाईल या भीतीने मी तो पदरात गुंडाळून घेतला.

हे आतल्या दारात उभे होते. सगळं ऐकलं होतं. त्यांनी एकच विचारलं, "आम्हाला सांगितलंस. बाकीच्यांना?"

चाचणीच्या डॉक्टरांना कळवणारी पत्रं जाणार आहेत, पण बैठकीनंतर, भाचा म्हणाला. आधी बाहेर पडलं तर शेअर कोसळेल, शेकडो लोक घरी बसतील, त्यात तो पहिला. हे घरातच राहू दे, मावशी, असं तो हात जोडून म्हणाला. आणि खरं सांगते, क्षणभर मी मान डोलावणारच होते. माझा माणूस वाचला होता. बाकीचे माझे कोण?

पण यांचं तसं नव्हतं. चाचणीच्या दवाखान्यात त्यांच्या शेजारच्या बाकावर एक शिंपीणबाई बसायच्या. गोळीने हात स्थिरावले आणि पुन्हा सुईत दोरा ओवता आला, म्हणून ती सुई सगळ्यांना दाखवत फिरलेल्या. हे सरळ फोनकडे गेले आणि त्यांचा नंबर लावला. काका, ठेवा तो फोन, म्हणत भाचा उठला. मी माझी साहेबाची खुर्ची दोघांच्या मध्ये ओढली आणि ठिय्या मारून बसले.

फोन बाईंच्या मुलाने उचलला. आई परवापासून दवाखान्यात आहे, तो म्हणाला, अंगभर कावीळ पसरलीय, डॉक्टरांना कारण सापडत नाहीये.

यांनी फोन माझ्या डोक्यावरून भाच्यापुढे धरला.

"त्याला कारण हवंय," ते म्हणाले. "सांग."

भाच्याने हात पुढे केला नाही. मग यांनीच फोन पुन्हा कानाला लावला आणि त्या मुलाला सगळं सांगितलं. गोळी, यकृत, अकरा जण, आणि ही माहिती देणारा आपला कोण लागतो, तेही.