शुभांगीचं आसूढाळ घोडं

शुभांगीच्या स्वयंपाकघरात पातेल्याचं झाकण उघडताना माणसानं जरा बेतानं उघडावं. आत वरण असेल असं वाटायचं आणि गरम पाण्यात घोड्याचं मुंडकं तरंगताना दिसायचं. एकदा वीजबिलवाला चहाला थांबला होता, त्यानं ते पाहिलं, आणि नंतर बरेच महिने तो दारातूनच बिल टाकून पळायचा.

घोडी अर्थातच प्लॅस्टिकची. शेजारच्या दीपाचा नवरा सुनील शिर्डीला एका हॉटेलात आचारी होता. सुट्टीवर येताना तो तिथल्या दुकानांतून वीतभर उंचीची घोडी घेऊन यायचा. सगळी एका साच्यातली, गुलाबी केसांची, आणि तोंडावर लग्नाच्या फोटोतल्यासारखं एकच हसू. शुभांगीला ते हसू बघवत नसे. ती घोड्याला गरम पाण्यात बुडवी, मान मऊ पडली की मुंडकं पिळून काढी, गुलाबी केस उपटी, आणि जुन्या गंगावनातले काळेभोर केस सुईनं मानेत ओवून आयाळ बसवी. मग ऑइलपेंटचे दोन हात, ब्लाऊजपिसातून उरलेल्या तुकड्यांची झूल, जरीच्या गोटाचा लगाम. दिवसभर गावच्या बायकांचे ब्लाऊज शिवायचे आणि दुपारी चहाची बशी पुढ्यात घेऊन, रेडिओ बारीक लावून घोडी सजवायची. त्या तासाभरात तिला कोणी हाक मारलेली खपत नसे. तिच्या दोन्ही पोरांना क्रिकेटपलीकडे काही दिसत नव्हतं, ती नाकं मुरडत. गल्लीतल्या पोरींची मात्र दारात रांग लागायची.

या उद्योगाला घरातून एकच पाठिंबा होता, तो सासऱ्यांचा. रखमाजींचं अख्खं आयुष्य घोडेगावच्या जनावरांच्या बाजारात घोड्यांची दलाली करण्यात गेलेलं. घोडं समोरून चालत गेलं की त्याची खोड सांगणारा माणूस. सूनबाईचं प्रत्येक घोडं ते हातात घेऊन खालून-वरून बघत. दात बघायची सोय नव्हती, तेवढीच त्यांची तक्रार. "ह्याचे चारी पाय पांढरे कर अन् कपाळावर पट्टा ओढ, पंचकल्याणी हुईल. राजाच्या दाराला शोभंल," असं ते सांगत आणि ती तसं करी. त्यांच्या नजरेखालून गेल्याशिवाय घोडं घराबाहेर पडत नसे.

एकच घोडं तसं गेलं.

संक्रांतीच्या सुमारास दीपाची सहा वर्षांची सृष्टी बोरं पाडायला गेली आणि बोरीची फांदी झटक्यानं मागे आली. काटा डाव्या डोळ्यात शिरला. नगरच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, ताबडतोब ऑपरेशन करू, टाके घालू, पण नजर राहील की नाही ते पट्टी सोडल्यावरच कळेल. शिर्डीहून धावत आलेल्या सुनीलला पोरीजवळ बसवून दीपा कपडे न्यायला घरी आली. सृष्टी म्हणजे शुभांगीच्या दारातल्या रांगेतली पहिली पोर. तिला रिकाम्या हातानं कसं राहू द्यायचं? शुभांगीनं पातेलं चढवलं.

रखमाजी तेव्हा शेवगावला बहिणीकडे गेले होते. शुभांगीनं घोडं तांबडं रंगवलं, कपाळावर पांढरा पट्टा ओढला, आणि घाईघाईत त्या पट्ट्याचा एक ओघळ डाव्या डोळ्याखाली उतरला. पुसायला गेली तर आणखी फरफटला असता. पण शुभांगी शिंपीकाम करणारी बाई. कापड चुकून कातरलं गेलं की तिथंच पान-फूल भरायचं, हे तिच्या हातात मुरलेलं. तिनं काडेपेटीतल्या काडीच्या टोकानं तो ओघळ गोल गोल फिरवला आणि डोळ्याखाली सुरेख भोवरा उमटवला. वर स्वतःवरच खूष झाली. दीपानं ते घोडं पिशवीत घातलं आणि मिळेल त्या एसटीनं नगर गाठलं.

ऑपरेशन झालं. समोरच्या एसटीडी बूथवर सुनीलचा निरोप आला, की उद्या पट्टी सोडणार. त्याच संध्याकाळी रखमाजी शेवगावहून परतले. शुभांगीनं त्यांना सगळं सांगितलं. काटा, ऑपरेशन, आणि मग, जरा फुशारकीनंच, घोडं.

"पट्टा ओघळला हुता मामा, पन मी वाया न्हाई जाऊ दिलं. डोळ्याखाली असा गोल भोवरा काढला."

रखमाजींनी ताट बाजूला सारलं. "कुठं? डोळ्याखाली?"

"व्हय. डाव्या."

"आसूढाळ," ते म्हणाले.

"म्हंजी वो काय?"

"आसवं ढाळनारं. ती खूण असलेलं घोडं बाजारात कुनी फुकट दिलं तरी नेत न्हाई. ज्याच्या दारात जाईल त्या घराला रडवतं म्हनत्यात."

"मामा, प्लॅस्टिकचं हाय ते!"

"मग? मी कुठं काय म्हनलं?" रखमाजी म्हणाले आणि उठून ओट्यावर जाऊन बसले. भाकरी तशीच राहिली.

शुभांगी दहावी शिकलेली. मांजर आडवं गेलं तर ती मांजरालाच बाजूला हो म्हणायची. पण हे वेगळं होतं. पोरीचा डावा डोळा, आणि आपण नेमकं डाव्या डोळ्याखाली रडं रंगवून दिलं. डोक्याला पटत नव्हतं आणि मन ऐकत नव्हतं. शहाणपण सगळं स्वतःचं डोकं शाबूत असेतोवर असतं, दुसऱ्याच्या लेकराचा डोळा मधे आला की पार पाणी होतं त्याचं. उद्या पट्टी सुटली आणि काही दिसलं नाही, तर दीपा आपल्याला काही बोलणार नाही, पण आपण दीपाच्या अंगणात पाय कसा ठेवायचा?

उजाडता उजाडता ती उठली तर रखमाजी आधीच दारात उभे.

"जाऊन पुसून ये," ते म्हणाले. "माझ्या समाधानासाठी म्हन हवं तर."

औषधाच्या रिकाम्या बाटलीत रॉकेल, एक चिंधी, तांबड्या रंगाची डबी आणि ब्रश एवढा ऐवज पर्समध्ये घालून शुभांगीनं पहिली एसटी पकडली. एरवी खिडकीजवळची जागा मिळाली की ती माहेरी निघाल्यासारखी खुलायची. आज तिला इमामपूरचा घाट कधी गेला तेसुद्धा कळलं नाही.

दवाखान्यात शिरल्या शिरल्या पहिली आडवी आली ती सिस्टर. तिनं दोनदा नाक ओढलं. "रॉकेल कुणी आणलंय? इथं स्टोव्ह पेटवायचा नाही, बाई."

"स्टोव्ह न्हाई. घोडं पुसायचंय."

सिस्टरनं तिच्याकडे असं पाहिलं, की हिला डोळ्यांच्या नाही, दुसऱ्याच दवाखान्यात पाठवावं. बाटली जप्त झाली. शुभांगीनं रंगाची डबी मात्र पदराआड सरकवली. पुसता नाही आलं तर वरून रंग तरी फासू.

सृष्टी कॉटवर बसली होती. अर्धं तोंड पट्टीनं झाकलेलं, मांडीवर तांबडं घोडं. दीपा शेजारी स्टुलावर, सुनील औषधं आणायला गेलेला. तिचा चेहरा इतका सुकलेला की शुभांगीला तिच्याकडे बघवेना.

"आण गं बाई ते घोडं," शुभांगी शक्य तितक्या सहज आवाजात म्हणाली. "जरा रंग चुकलाय, नीट करून देते."

सृष्टीनं घोडं पाठीमागं लपवलं. "कुठं चुकलाय?"

"डोळ्याखाली बघ. काय ते वंगाळ दिसतंय. पुसू या."

"न्हाई! काकू, ते पुसायचं न्हाई!"

"अगं, का पन?"

"ते रडतंय ना," सृष्टी समजावणीच्या सुरात म्हणाली. मोठ्या माणसांना सगळं फोड करून सांगावं लागतं असा तिचा अनुभव होता. "डॉक्टर म्हनले, तू रडली तर टाके उसवतील. मला रडायला बंदी हाय. मग माझं समदं रडू त्याला दिलंय."

शुभांगीनं दीपाकडे पाहिलं. दीपानं मान हलवली. "खरं हाय ताई. भूल उतरली तवा लई ठणकत हुतं. मी म्हनलं आता रडंल अन् समदं मुसळ केरात. तर हिनं घोड्याच्या त्या भोवऱ्यावर बोट ठिवलं अन् घट धरून बसली. इंजेक्शनला बी तसंच. डॉक्टर म्हनत हुते, असली पोर पाह्यली न्हाई."

शुभांगीच्या हातातली डबी परत पर्समध्ये गेली. तिनं सृष्टीच्या तेल न लागलेल्या केसांवरून हात फिरवला.

डॉक्टर आले. त्यांनी हलक्या हातानं पट्टी सोडली. डोळा लालबुंद, सुजलेला. डॉक्टरांनी सृष्टीचा चांगला डोळा हातानं झाकला, तिच्या पाठीमागचं घोडं उचललं आणि मुकाट्यानं एका बाजूला धरलं.

"तुझं घोडं कुठंय?"

सृष्टीनं डोळा किलकिला केला. मग तिचं बोट हळूहळू उठलं आणि बरोबर घोड्यावर थांबलं. डॉक्टरांनी घोडं दुसरीकडे नेलं. बोट मागोमाग गेलं. वर नेलं, बोट वर.

"धुरकट हाय," ती म्हणाली. "पन पळू नका ना त्याला घेऊन."

डॉक्टर हसले. "नजर आहे. टाकेही नीट बसलेत. धुरकटपणा जाईल हळूहळू, थोडा राहिला तर चष्मा देऊ. पोरगी रडली नाही, हे फार बरं झालं."

त्या दोघींना मात्र कोणी बंदी घातलेली नव्हती. दीपानं शुभांगीच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि दोघी अशा रडल्या की सिस्टर धावत आली, आणि काय झालं ते कळल्यावर दोघींना चहा सांगून गेली. तो दवाखान्याचा पांचट, साखरेचा नुसता पाक झालेला चहा शुभांगीला अमृतासारखा लागला. तिनं तो बशीत ओतून, फुंकर मारत, सावकाश प्यायला.

परतीच्या एसटीत तिला पुन्हा खिडकी मिळाली. घाटातला वारा तोंडावर घेत ती मामांना काय सांगायचं त्याची जुळवाजुळव करत होती. ते पहिल्यांदा विचारणार, भोवरा पुसला का? मग नाही म्हणायचं. ते चिडणार. मग म्हणायचं, मामा, तुमचं शास्त्र घोड्यांचं, पण पोरींचं तुम्हाला काय ठाऊक? मग घोडं कसं रडतं ते सांगायचं. सगळं बोलणं तिनं घोडेगाव येईपर्यंत घोटून घोटून तयार ठेवलं.

रखमाजी स्टँडवर उभे होते. ऊन डोक्यावर आलेलं, टोपी घामानं भिजलेली, ओठ सुकलेले. माणूस सकाळपासून येणारी प्रत्येक एसटी बघत असणार. ती पायरीवरून खाली उतरायच्या आत ते पुढे आले आणि त्यांनी तिचं मनगट धरलं. आजवर त्यांनी सुनेला कधी बोटसुद्धा लावलं नव्हतं.

"दिसतंय का पोरीला?"

"दिसतंय मामा."

त्यांनी मनगट सोडलं. टोपी काढली, तोंड पुसलं, डोळे पुसले, पुन्हा टोपी घातली. शुभांगी पुढच्या प्रश्नाची वाट बघत थांबली. उत्तर तिच्या ओठांवर होतं.

पण रखमाजी वळून गावाकडे चालायलासुद्धा लागले होते. दुधाच्या डेअरीसमोर त्यांनी पहिल्या भेटलेल्या माणसाला थांबवलं, "दीपाच्या पोरीला दिसतंय रं!" पुढे पिठाच्या गिरणीत डोकावून तेच. मग चांभाराच्या दुकानात. मग ज्याच्याशी त्यांचं बांधावरून बोलणं बंद होतं, त्याच्याही दारात उभं राहून, मोठ्यानं. शुभांगी पर्स सावरत त्यांच्या मागून भराभर चालत होती. घर येईपर्यंत त्यांनी भोवऱ्याचं नावही काढलं नाही.